बसण्याची नोकरी

रक्त दिसलं तेव्हा तिने पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं. अकरा वर्षं न्यायालयात लघुलेखिकेचं काम केल्यावर हाताला अशी सवय लागते: काहीही घडलं की आधी वेळ. मग तिने पुन्हा खाली पाहिलं. भांड्यात, कागदावर, लालभडक, जणू कुणीतरी आत्ताच बाटलीतून ओतलेलं. कर्मचारी बायकांचं ते अरुंद स्वच्छतागृह, दाराची ढिली कडी, वर खिडकीच्या जागी बसवलेला पत्रा, बाहेर नळावर कुणीतरी डबा विसळत होतं त्याचा आवाज. सगळं होतं तसंच चालू होतं आणि तिला त्याचंच नवल वाटलं. सातवा महिना. तिने पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू आत काय असेल किंवा नसेल ते हाताला कळायला नको होतं. पोटातलं मूल जाणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ते एकदा होऊन गेलं होतं. पण त्या वेळी तिसरा महिना होता. तेव्हा निदान पोट दिसत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, घरात पाळण्याची जागा ठरलेली नव्हती.

त्या वेळी ती उठली नव्हती. पावणेअकराला तिला ओल जाणवली होती, समोर उलटतपासणी चालू होती, एक बाई नवऱ्याच्या अपघाताबद्दल सांगत होती आणि मध्येच थांबून ओठ चावत होती. साक्ष चालू असताना स्टेनोबाईंनी उठायचं नसतं, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. पण कुणी कधी उठलेलं नाही. ती बसून राहिली, मधल्या सुट्टीपर्यंत, दीड वाजेपर्यंत. डॉक्टरांनी नंतर तीनतीनदा सांगितलं, की ती लगेच उठली असती तरी काही फरक पडला नसता, असं होतं, पुष्कळांचं होतं. तिने मान डोलावली. मग कामावर परत आल्यावर एके दिवशी तिने ती जुनी वही काढली आणि ते पान शोधलं. लघुलिपीच्या रेघा सुबक होत्या. पावणेअकरा ते दीड, एकही रेघ हललेली नव्हती, एकही शब्द सुटलेला नव्हता. कुणीही शाबासकी द्यावी असं ते पान. ते पाहून तिला जो धक्का बसला तो मूल गेल्याच्या धक्क्यापेक्षा वेगळा होता, आणि तो तिने कुणालाच सांगितला नाही.

या वेळी मात्र ती न्यायालयात परत गेलीच नाही. दारावर पुकारा देणारा शिपाई उभा होता. त्याला ती म्हणाली, "साहेबांना सांगा, मी दवाखान्यात जातेय." आवाज अगदी सरळ निघाला. शिपायाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी आणायला पळाला. साठीला टेकलेला तो माणूस पळतो हे तिने प्रथमच पाहिलं. गाडीत ती एका मांडीवर तिरकी बसली. रस्त्यावर शाळेची मुलं ओळीने चालली होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता. बाळ हललं. तिने विश्वास ठेवला नाही. पुन्हा हललं. मागच्या वेळी हलण्याइतकं ते झालंच नव्हतं, त्यामुळे हलण्यावरून काय समजायचं हे तिला माहीत नव्हतं.

बाई डॉक्टर ठेंगण्या होत्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजल्यासारखं. त्यांनी काहीही विचारायच्या आधी पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर ठोके ऐकू आले, घाईघाईने कुठेतरी निघाल्यासारखे. "ऐकलंत? एकशे बेचाळीस. आता सांगा." तिने सांगितलं. किती रक्त, कोणता रंग, किती वाजता. डॉक्टर ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "कुठून आलं?"

"म्हणजे?"

"पुढून की मागून?"

प्रश्न इतका साधा होता, की तो आपल्याला स्वतःला का पडला नाही हेच तिला कळेना. रक्त म्हणजे रक्त, आणि ते एकाच ठिकाणाहून येणार, असं तिच्या अंगाने परस्पर ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे वर घ्यायला सांगितले, दोन्हीकडून नीट तपासलं, हातमोजे काढून टाकले आणि बेसिनशी हात धूत म्हणाल्या, "बाळाच्या बाजूने काही नाही. तुम्हाला मूळव्याध झालीय. चांगली सुजलीय. किती दिवस दुखतंय?"

"पाच आठवडे."

"पाच आठवडे. आणि मधे दोनदा माझ्याकडे येऊन गेलात." त्यांनी फाइल उघडली आणि स्वतःचंच अक्षर वाचून दाखवलं. "'तक्रार नाही.' 'तक्रार नाही.' हे तुम्हीच सांगितलंत ना?"

तिनेच सांगितलं होतं. इथेच, याच खुर्चीवर, काठावर टेकून. उलट्या विचारल्या, सांगितल्या; पायाची सूज विचारली, दाखवली; आणि ही एक गोष्ट, जी सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री कूस बदलेपर्यंत तिच्याबरोबर होती, जिच्या भीतीने ती दोन-दोन दिवस शौचाला जायचं टाळत होती, ती तिने जीभ न अडखळता गिळून टाकली होती. दुसऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टर कागदावर लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता बोलत होत्या, की पोटातलं ओझं वाढलं की खालच्या शिरांवर दाब येतो, त्यात लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्यात तुमची नोकरी बसण्याची. पाणी भरपूर, फळं-भाज्या, रात्री इसबगोल. कुंथायचं नाही, पायाखाली छोटं स्टूल घेऊन बसायचं. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं. हे मलम चालेल, दुकानातून दुसरं काही मनाने आणायचं नाही. निजताना डावी कूस. "आणि तासाच्या वर सलग बसायचं नाही. तास झाला की उठायचं, चालायचं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप कमी होतं. पण पुन्हा रक्त आलं तर आपलं आपण ठरवायचं नाही की हे तेच आहे. मला दाखवायचं. कळलं?" तिने सवयीने मान डोलावली. डॉक्टर म्हणाल्या, "मान नको. तोंडाने सांगा."

"कळलं," ती म्हणाली.

जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती उभी राहिली आणि तिला जाणवलं, की आपण अजून त्या पत्र्याच्या खिडकीखालीच आहोत. बाळ ठीक होतं. हे वाक्य ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येत होतं, की मग हे इतकं घाबरणं कशासाठी खर्ची पडलं, एका हसण्यासारख्या दुखण्यासाठी. लग्नात, कचेरीत, चहाच्या टपरीवर ज्या दुखण्याचं नाव काढलं की माणसं हसतात ते दुखणं. आणि घरी आल्यावर नवरा हसलाच. तो फ्रीज दुरुस्त करायचा. दुपारी तिचा फोन आला तेव्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसलेला होता, तसाच हत्यारं टाकून आला होता, पँटच्या गुडघ्यांना तेलाचे डाग. सगळं ऐकून घेतल्यावर त्याच्या घशातून एक हसू फुटलं, भीती सैल झाल्यावर फुटतं तसं. "अगं, एवढंच ना," तो म्हणाला. "मी वाटेत काय काय विचार करत होतो. एवढंच ना."

तिला त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही. पण तिने तोंड फिरवलं. मग त्याने टबमध्ये कोमट पाणी काढलं, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार मिसळलं, पुन्हा कोपर बुडवलं. पाणी मांडीपर्यंत आल्यावर तिला पाच आठवड्यांत पहिल्यांदा रडू आलं. तो दाराबाहेर उभा होता. "फार गरम झालं का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली, "बरोबर आहे." मग बऱ्याच वेळाने तो बाहेरूनच म्हणाला, "मी हसायला नको होतं." तिने पाण्यात हात हलवला, त्याला ऐकू जाईल इतका.

आईचा फोन रविवारी सकाळी यायचा. आई दुसऱ्या गावी, एकटी, शाळेतून निवृत्त झालेली. तिने ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण आईने विचारलं, "आवाज असा का गं?" आणि तिने सांगून टाकलं, नाव घेऊन.

"तुलापण," आई म्हणाली.

"पण म्हणजे?"

"मला तुझ्या वेळी सुरू झालं. सहाव्या महिन्यात. तू झालीस आणि ते राहिलं ते राहिलंच. बावीस वर्षं."

ती पलंगाच्या कडेला उभी होती, ती तशीच उभी राहिली. आई बोलत होती, सावकाश, फळ्यावर लिहून दाखवल्यासारखी. त्या गावात तेव्हा बाई डॉक्टर नव्हती, पुरुष डॉक्टरला दाखवायचं म्हणजे अंगावर काटा यायचा, सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. शेवटी शस्त्रक्रिया केली तेव्हा घरी पोटाची म्हणून सांगितलं. ते पोटाचं ऑपरेशन तिला आठवत होतं. ती तेव्हा कॉलेजात होती, डबा घेऊन गेली होती, आई कुशीवर निजलेली होती आणि तिने विचारलं नव्हतं की पोटाचं ऑपरेशन झालेली बाई अशी कुशीवर का. पण ते नंतरचं. तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती त्याआधीची आई, सतत उभी असलेली. ओट्याशी उभी राहून जेवणारी. उभ्याने वह्या तपासणारी. बाकी सगळे बसलेले आणि आई दाराच्या चौकटीला टेकलेली, जणू कुठल्याही क्षणी निघून जाईल. दहा वर्षांची असताना शाळेच्या समारंभात तिला बक्षीस मिळालं होतं. पुढच्या रांगेत पालकांसाठी खुर्च्या होत्या, आईची खुर्ची रिकामी राहिली आणि आई शेवटी, दारापाशी, पर्स छातीशी धरून उभी. घरी जाताना तिने विचारलं होतं, तू बसली का नाहीस. आई म्हणाली होती, बसायला वेळ कुणाला आहे. त्या एका वाक्यावर तिने केवढी इमारत रचली होती. आईला आपल्याजवळ बसावंसं वाटत नाही. आईला आपला कंटाळा येतो. पंचवीस वर्षं ती त्या इमारतीत राहिली, तिथे वाढली, तिथून नोकरीला लागली, तिथूनच लग्न करून बाहेर पडली. आणि आता आई फोनवर अगदी सहज एकेक वीट काढून बाजूला ठेवत होती.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुझ्यामुळे झालं म्हणून? लहान पोर तू, जन्मभर मनाला लावून घेतलं असतंस."

"मी दुसरंच काहीतरी मनाला लावून घेतलं, आई."

"काय?"

ते मात्र तिच्याच्याने बोलवलं नाही. आई म्हणाली, "तू दोन-दोन तास बसतेस तिथे. साहेबांना सांग." ती म्हणाली, सांगेन. तिने फोन ठेवला. एवढा जुना राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. ज्याच्यावर तो धरला होता ते माणूसच तिथे नव्हतं.

साहेबांना तिने सांगितलं नाही. आठ दिवस गेले. वरिष्ठ कारकुनाने आपण होऊन सुचवलं, की बाई, रजेवर जा आत्तापासूनच, कशाला ओढाताण. पण रजा मोजकी होती आणि आत्ता घेतली तर बाळ अगदीच तान्हं असताना कामावर यावं लागलं असतं. ती खुर्चीवर जाड टॉवेलची घडी घालून बसू लागली. वकील एकमेकांशी कुजबुजायला लागले की ती मांडी बदलायची, कुणी पाणी प्यायला थांबलं की अर्धी उठल्यासारखं करायची. घरी नवरा स्टूल, पाणी, फळं सगळं पाहत होता. पोट हळूहळू मोकळं होत होतं, रक्त पुन्हा आलं नाही. पण न्यायालयातला तास संपला की उठायचं, हे एवढं एक ती करू शकत नव्हती. अकरा वर्षांत त्या खोलीत तिच्या तोंडून काही निघालं असेल तर ते दुसऱ्याचं, वाचून दाखवलेलं. तिथे स्वतःचा आवाज काढायचा म्हणजे कपाटाने बोलायला लागण्यासारखं होतं.

नवव्या दिवशी साक्षीला म्हातारा सुतार उभा होता. एका इमारतीच्या जिन्याचा कठडा तुटून एक भाडेकरू बाई खाली पडली होती, तिने मालकावर दावा लावलेला. हा सुतार महिनाभर आधी तो कठडा पाहून गेला होता. सुतार हळू बोलायचा, प्रत्येक शब्द तासून मग हातावेगळा केल्यासारखा, आणि साक्षीच्या पिंजऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होता. उलटतपासणी घेत होते ते मालकाचे वकील. दर प्रश्नाआधी ते खाकरायचे म्हणून कारकुनांत त्यांचं नाव खोकलासाहेब पडलं होतं. तास होऊन गेला. एक तास दहा मिनिटं. दुखणं आधी ठणकत होतं, मग त्याला एक टोक आलं, मग ते टोकच उरलं. तिच्या कपाळावर घाम आला. पेन्सिल चालत होती. खोकलासाहेब खाकरले, त्यांनी प्रश्न विचारला, सुताराने उत्तर दिलं, आणि तिच्या लक्षात आलं की वहीवर 'कठडा' आहे आणि पुढे काही नाही.

हलत होता, की हलत नव्हता. दोन्ही वाक्यं तिला ऐकू आल्यासारखी वाटत होती. लघुलिपीत दोहोंतला फरक एका नखाएवढ्या रेघेचा, आणि सगळा दावा त्या रेघेवर उभा होता. असं आजवर कधीच झालं नव्हतं. मूल जात असतानासुद्धा झालं नव्हतं. पुढचा प्रश्न सुरू झाला होता. अंदाजाने एक रेघ ओढता आली असती, कुणाला कळलं नसतं, बहुधा बरोबरही निघाली असती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि उभी राहिली.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज केवढा तरी मोठा झाला. खोकलासाहेब बोलता बोलता थांबले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. ते तिच्याकडे नेहमी तिच्या वहीच्या दिशेने पाहायचे, आज त्यांना चेहरा शोधावा लागला.

"साहेब," ती म्हणाली, "साक्षीदाराचं शेवटचं उत्तर माझ्याकडून सुटलं."

"सुटलं?"

"हो."

खोकलासाहेब म्हणाले, यावर त्यांची हरकत आहे. साक्षीदाराला उत्तर बदलायची संधी मिळते. उत्तर सुटलं तर का सुटलं, ते कारण नोंदीवर आलं पाहिजे. न्यायाधीश तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "स्टेनोबाई, काय झालं?"

तब्येत बरी नाही, एवढं म्हणून भागलं असतं. ते शब्द तोंडात तयार होते, इतके आठवडे वापरून गुळगुळीत झालेले. तिने पाहिलं की सगळे तिच्याकडे पाहतायत: दोन्ही वकील, दावा लावलेली ती बाई, मागच्या बाकांवरची माणसं, दारातला शिपाई. सुतार तेवढा खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होता.

"मला मूळव्याध आहे," ती म्हणाली. "सातवा महिना चालू आहे. तासाच्या वर सलग बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आज सव्वा तास झाला. दुखण्याकडे लक्ष गेलं आणि उत्तर सुटलं."

कुणी हसलं नाही. हसतील अशी तिची खात्री होती, त्या हसण्यासाठी तिने मान ताठ करून ठेवली होती, आणि ते न आल्यामुळे ती पुढे कोलमडते की काय असं तिला झालं. एक पंखा कुरकुरत होता. मग तिने वही उचलली आणि उभ्याउभ्याच ते सगळं लिहून घेतलं; उत्तर सुटण्याचं कारण नोंदीवर यायचं होतं आणि नोंद करणारं दुसरं कुणी नव्हतं. 'मूळव्याध' हा शब्द ओळखीचा असून त्याची रेघ तिने कधी ओढली नव्हती. क्षणभर कशी ओढायची ते आठवावं लागलं.

न्यायाधीशांनी सुताराला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. "हलत होता," सुतार म्हणाला. "मगाशी तेच म्हणालो. मालकाला तेव्हाच सांगितलं होतं, की हात लावला तरी हलतोय." तिने लिहिलं. मग न्यायाधीश शिपायाकडे वळून म्हणाले, की सह्या घ्यायचं ते उंच मेज इकडे आणा, बाई उभ्याने लिहितील, आणि वाटेल तेव्हा चालतील. "आणि ही खुर्ची," ते थोडं थांबले, "ही साक्षीदाराला द्या. त्यांना कुणी विचारलंय का, की किती वेळ उभे आहेत?" शिपायाने खुर्ची पिंजऱ्यात नेली. टॉवेलची घडी तशीच होती. सुतार त्या घडीवर अवघडून बसला, त्याने दोन्ही गुडघ्यांवर पंजे ठेवले आणि तोंडाने हुश्श केलं. खोकलासाहेब खाकरले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

साक्ष चार वाजता संपली. संपली की साक्षीदाराला सगळी वाचून दाखवायची, त्याने बरोबर आहे म्हणायचं आणि मग सही करायची, अशी रीत होती. ती उंच मेजाशी उभी राहून वाचू लागली, तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात, ज्यात कुणाचाच राग नसतो आणि कुणाचंच रडू नसतं. कठड्याची लांबी, लाकूड कोणतं, खिळे किती. वाचता वाचता ती त्या ओळीशी आली आणि तिचा आवाज न थांबता त्यात शिरला. लघुलेखिका म्हणते, की मला मूळव्याध आहे. सातवा महिना चालू आहे. आपल्याच तोंडून आपलंच वाक्य त्या आवाजात ऐकताना ती चमकली. ते दुसऱ्या कुणा बाईचं वाटलं, खऱ्या बोलणाऱ्या, जिचं म्हणणं लिहून घ्यावं अशा. तिने ओळ पूर्ण केली. पुढची वाचली. शेवटापर्यंत वाचलं.

सुतार खुर्चीतून उठायच्या बेताला आला होता. त्याने विचार केला, नेहमीसारखा वेळ घेऊन.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि सहीसाठी पेन मागितलं.